निव्वळ शून्य

मुलीचा फोन भलत्या वेळी आला. तिचा फोन म्हणजे रविवार सकाळ, आणि तोही तिच्याकडचा जनरेटर चालू असेल तेवढाच वेळ. हा मंगळवारी दुपारी आला. मी टेबलावर डबा उघडला होता आणि समोरच्या पडद्यावर सकाळचे सौदे एकमेकांशी जुळत होते. मन चिंती ते वैरी न चिंती; "काय गं, काय झालं?" असं मी इतक्या मोठ्याने विचारलं की पलीकडच्या टेबलावरच्या पोरीने मान वळवली. उत्तर आलं नाही. कापड कापडावर घासल्याचा आवाज, चालणारी पावलं, मध्येच एक कोंबडी. मग लक्षात आलं की तिने फोन केलेलाच नाही, तिच्या खिशात दाबला जाऊन तो आपसूक लागलाय. अशा वेळी सभ्य माणसाने फोन ठेवावा. मी ठेवला नाही. डबा बाजूला सारला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ऐकत बसलो. कुणीतरी बाई मला न कळणाऱ्या भाषेत काही म्हणाली आणि माझी मुलगी हसली. पोटातून, वर खाली होत, शेवटी श्वास अडकून. हे हसणं मी तिची आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं ते संपलं. लांब कुठेतरी तान्हं मूल रडत होतं, त्याला पंपाच्या धडधडीची साथ होती. मग आपल्या भाषेतला आवाज आला. तिच्याबरोबर इथूनच गेलेली डॉक्टर असावी. "मुदत वाढली तर तू राहणार?" मुलगी म्हणाली, "राहणार. इथे प्रसूतीला येणाऱ्या बायका आता मला नावाने हाक मारतात. केंद्र बंदच झालं तर मात्र घरी." "आणि बाबा?" "बाबांचं मस्त चाललंय. त्यांना कुणी लागत नाही." "कुणीच?" "आई होती तेव्हाही फारसं लागायचं नाही. तसे बरे आहेत ते." त्यानंतर पुन्हा कापड घासलं आणि फोन तुटला.

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, हे मी लगेच ताडलं, कारण मी तोच शोधत होतो. एखाद्याला बिनसाखरेचा चहा लागतो असं सांगावं, तसं तिने सांगितलं होतं. राग यावा असं काही नव्हतंच. मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की दाढ दुखल्यासारखा जबडा धरून मी बसून राहिलो आणि पलीकडच्या पोरीने विचारलं, "काका, गोळी देऊ का?" मी म्हटलं, "नको, मस्त आहे." हा शब्द तोंडातून पडला आणि मला कळलं की मुलीला ही माहिती कुणी पुरवली. दर रविवारी ती विचारते, कसे आहात, आणि मी म्हणतो, मस्त. आतून कडी लावल्यासारखा शब्द आहे तो. बाहेरच्याने दोनदा ठोठावायचं आणि निघून जायचं. तरी मनात कुठेतरी मी धरून चाललो होतो की आपली माणसं कडीच्या आवाजावरून ओळखतात, आत कुणी आहे ते. भाबडेपणा. कडी लावायची आणि दार कुणी ढकललं नाही म्हणून रुसायचं.

ऑफिसातली पोरं मला वजाकाका म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायची, आता तोंडावर म्हणतात, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोला. शेअरदलालाच्या मोठ्या ऑफिसात मी सौदापूर्ती विभाग सांभाळतो. एखाद्याने सकाळी एका कंपनीचे शंभर शेअर घेतले आणि दुपारी तेच शंभर विकले, तर संध्याकाळी शेअर कुणी कुणाला द्यायचे नसतात; भावातला फरक तेवढा इकडचा तिकडे होतो. घेतलेलं आणि विकलेलं एकमेकांत वजा करायचं आणि उरेल तेवढंच चुकतं करायचं, याला आमच्यात नेटिंग म्हणतात. दिवसभर पडद्यावर नुसता गदारोळ असतो, लाखो सौदे, माणसांपेक्षा यंत्रंच जास्त घेतात आणि विकतात, आणि दिवस मावळताना माझ्या विभागात सगळं शांत होत जातं. ढोबळ आकडे विरघळतात, निव्वळ उरतो. बहुतेक वेळा तो शून्य असतो. तरुणपणी मला या शून्याचं फार कौतुक वाटायचं. आवरून ठेवलेल्या खोलीत पाऊल टाकावं तसं वाटायचं. आता मी घरही तसंच ठेवतो. ताट काढलं की धुऊन परत जागेवर, खुर्ची ओढली की परत आत, चादरीवरची सुरकुतीसुद्धा निघताना हाताने पुसतो. झोपायच्या वेळी घराचा निव्वळ शून्य. या घरात आज कुणी राहिलं होतं असं शपथेवर सांगता येणार नाही.

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, हे आवडायचं नाही. ती भांडायचीही ढोबळ. एकदा तिच्या भावाला मी काहीतरी लागट बोललो, त्यावर ती माझ्या आईवरून बोलली. दोघंही मर्मावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा मी मोठ्या समंजसपणे म्हटलं, "हे बघ, एक मी बोललो, एक तू बोललीस. वजा झालं. संपलं." ती थांबली. चादरीचं एक टोक तिने हनुवटीखाली धरलं होतं, ते तसंच धरून म्हणाली, "वजा कसं झालं? मला तर दोन्ही ऐकू आलं." मग दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही मिळून घडी घातली. तेव्हा मला वाटलं होतं की वाद मी जिंकलो, कारण ती पुढे काही बोलली नाही. तिच्या आजारपणात मुलगी रोज आईजवळ बसायची आणि मी औषधांच्या वेळा सांभाळायचो. कामं वाटून घेतली होती, चोख. आई गेल्यावर मुलगी नर्सिंगचा पुढचा अभ्यास पुरा करून लांबच्या त्या गरीब देशात गेली, जिथे बाळंतपण म्हणजे बाईने घरच्यांचा निरोप घ्यायचा प्रसंग असतो. जाताना तिने विचारलं, "तुम्ही एकटे राहाल ना नीट?" आणि मी म्हणालो, जे मी म्हणतो ते.

तिचं ते केंद्र ज्या पैशावर चालतं तो माझ्याच पडद्यावरून जातो. दोन वर्षांपूर्वी कायदा झाला: शेअर, रोखे, परकीय चलन, काहीही घ्या किंवा विका, प्रत्येक सौद्यामागे चिमूटभर कर. लाखाच्या सौद्याला एका चहाचे पैसेसुद्धा नाहीत. पण सौदे इतके की थेंबे थेंबे तळे साचे, आणि ते तळं गरीब देशांतल्या विहिरी, लशी आणि प्रसूतिकेंद्रं यांच्यासाठी राखलेलं. बाजाराने त्याला चिमटा असं नाव ठेवलं. मी मुलीला एकदा गमतीने म्हटलं होतं, "मी इथे बटण दाबतो तेव्हा तिथे तुझा पगार होतो," तर म्हणाली, "मग बाबा, जोरात दाबा ना." कायदा प्रयोगापुरता होता. आता तो पुढे चालवायचा का, आणि कसा, हे ठरवायला सरकारची समिती बसली होती. सगळ्या दलालांचं मिळून एक म्हणणं होतं: कर असू द्या, पण प्रत्येक सौद्यावर नको, दिवसाअखेरच्या निव्वळावर लावा. ऐकायला किती शहाण्यासारखं. पण निव्वळ म्हणजे काय उरतं ते मला ठाऊक होतं. बादलीऐवजी चमचा. चमच्यात केंद्रं चालत नाहीत.

त्याच मंगळवारी, डबा तसाच झाकून ठेवल्यावर, साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगतो. हिच्या आजारपणात त्यांनी मला एकदाही रजेचं कारण विचारलं नव्हतं. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात समितीपुढे तुम्ही यायचं. आम्ही बोललो तर म्हणतील, यांचा स्वार्थ. तुम्ही तांत्रिक माणूस. तुम्हाला एकच वाक्य बोलायचंय." ते वाक्य त्यांनी तोंडी सांगितलं, आमच्या वकीलबाईंनी तपासलेलं होतं: प्रत्येक सौदा सुटा धरून त्यावर अचूक कर आकारणं आमच्या यंत्रणेला शक्य नाही. मी म्हटलं, "पण होतंय ना, साहेब." "सुरुवातीला चुका झाल्या होत्या की नाही?" झाल्या होत्या. रद्द झालेल्या सौद्यांवरही कर कापला गेला होता, मीच त्या निस्तरल्या. "मग? अचूक या शब्दावर जोर द्या. खोटं काहीच नाही. गरिबांना कोण नको म्हणतंय?" नाचता येईना अंगण वाकडं, असं ओठांवर आलं होतं. पण आणखीही काहीतरी मनात आलं होतं. मी "बघतो" म्हणून बाहेर पडलो.

जे आलं होतं ते असं. कर निव्वळावर गेला तर निधी आटेल. निधी आटला तर केंद्र बंद. केंद्र बंद तर मात्र घरी, असं तीच म्हणाली होती, माझ्या कानात, तिच्या खिशातून. एक वाक्य, आणि माझी मुलगी घरी. लिफ्टची वाट बघताना मला ती दिसायला लागली: दाराशी आडव्यातिडव्या चपला, न्हाणीघराच्या दाराखालून येणारी वाफ, "बाबा, फ्रीजमध्ये काहीच कसं नसतं हो," आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला ओला टॉवेल. तो टॉवेल तिच्या लहानपणापासून मी रोज उचलला आणि रोज तिला बोललो. आता त्या ओल्या टॉवेलासाठी माझा जीव इतका कासावीस झाला की लिफ्ट आली, उघडली, मिटली आणि तशीच गेली. फोनमधलं ते तान्हं मूलही रडत होतं, नाही असं नाही. मी इतकी वर्षं केलं तेच केलं. एका बाजूला त्या बायका ठेवल्या, ज्या मी कधी बघणार नाही, ज्या माझ्या मुलीला नावाने हाक मारतात; दुसऱ्या बाजूला टॉवेल. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या दुपारी टॉवेल जड होता.

तो आठवडा मी चोरासारखा वावरलो. चोराच्या मनात चांदणं. दाढी करताना वाक्य म्हणून बघायचो. अचूक या शब्दावर हनुवटी वर जायची आणि पातं लागायचं. रस्ता ओलांडताना, दुकानात पाव घेताना, जिन्यात शेजाऱ्याला वाट देताना ते जिभेखाली असायचं. शहर मला त्या दिवसांत फार गुळगुळीत वाटलं. काचेच्या इमारती, फिरती दारं, त्यांतून जेवढी माणसं आत तेवढीच बाहेर. बसमध्ये कुणाचा खांदा लागला की तो सॉरी म्हणतो, मी सॉरी म्हणतो, वजा. दुकानदार नाणी देतो, मी धन्यवाद म्हणतो, तो धन्यवाद म्हणतो, वजा. दिवसभर इतक्या लोकांना घासून येतो आणि कुलूप उघडताना अंगावर कुणाचाही कण नसतो. मी स्वतःशी म्हणायचो, एवढ्या सगळ्या आयुष्यात एक गोष्ट स्वतःसाठी मागितली तर बिघडलं कुठे? रविवारी मुलीचा फोन आला, मंगळवारी आपसूक लागलेला फोन तिला माहीतच नव्हता. "कसे आहात?" मी म्हणालो, "मस्त. कदाचित तुला लवकर यावं लागेल, नाही?" "का हो?" "नाही, आपलं सहज." ती हसली, पण ते दुसरं हसणं होतं, मला राखून ठेवलेलं, नीट घडी घातलेलं.

समितीचं सभागृह थंड होतं. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे एक माइक आणि पाण्याचा ग्लास, मागे भिंतीवर न चालणारं घड्याळ. साहेब आणि वकीलबाई माझ्या दोन्ही बाजूंना बसले. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी माझं काम विचारलं, वर्षं विचारली, आणि मग म्हणाल्या, "प्रत्येक सौद्यावर कर घेणं जमतं की नाही, एवढंच सांगा." मी माइकजवळ वाकलो. "प्रत्येक सौदा सुटा धरून..." म्हणालो आणि थांबलो. माझा आवाज सभागृहात फिरून माझ्याकडे परत आला. "सावकाश बोला, घाई नाही," त्या म्हणाल्या. तेवढ्यात पलीकडचे एक सदस्य, जे आमच्या बाजूचे होते, मला हात द्यायला म्हणून पुढे झुकले. "मी सोपं करून विचारतो. सकाळी घेतलं, दुपारी विकलं, संध्याकाळी शून्य. मग दिवसभरात झालं काय? काहीच नाही. कर कशावर घ्यायचा?" आयता घास होता. नुसती मान हलवायची होती. आणि मला, त्या थंड खोलीत, चादरीचं टोक हनुवटीखाली धरून उभी असलेली ही दिसली. चिडलेली नव्हती. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं की मी हे कसं वजा केलं. आणि तिच्या मागे कुठेतरी ते मूल रडत होतं, पंप धडधडत होता, माझी मुलगी पोटातून हसत होती. काहीही कशातूनही कमी होत नव्हतं.

"दोन्ही झालं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"घेतलं तेही झालं, विकलं तेही झालं. यंत्रणेत दोन्ही सुटे असतात. वजा आम्ही मागाहून करतो, आमच्या सोयीसाठी. सुरुवातीला चुका झाल्या, त्या सुधारल्या. आज जमतंय." अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "म्हणजे शक्य आहे." "आहे." वकीलबाई समोरचा ग्लास थोडा डावीकडे सरकवून परत जागेवर आणत होत्या. टाळ्या नाहीत, काही नाही. पुढच्या माणसाला बोलावलं गेलं. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं. मला तसलं काही वाटलं नाही. दाराशी चपला आडव्यातिडव्या पडल्या होत्या, न्हाणीघरातून वाफ येत होती, आणि मी नुकतीच माझी मुलगी घरातून परत पाठवली होती. बाहेर पायऱ्यांवर साहेब जवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमची मुलगी तिकडेच असते ना, असल्याच एका केंद्रात?" "हो." "मग बरोबर आहे. शेवटी माणूस आपलंच बघतो. तुमचा फायदा झाला." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी हसलो, दुसरं काय करणार. ते गाडीने गेले, मी चालत. वाटेत भर फुटपाथवर मला एकदम रडू आलं, आणि चष्मा पुसायचं निमित्त करून मी एका बंद दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो.

कायद्याची मुदत तीन वर्षं वाढली, आहे त्याच पद्धतीने. मी ती बातमी ऑफिसातच वाचली आणि डबा संपवला. साहेबांनी त्यानंतर मला चहाला बोलावलं नाही. पोरं मात्र अजून वजाकाकाच म्हणतात. रविवारी सकाळी मी लवकर उठून बसलो होतो. फोन आला, मागे पंप चालू होता. ती एका दमात बोलत होती, "बाबा, कळलं का? तीन वर्षं! काल इथे बायकांनी मला अंगणातून उचलून फिरवलं. दुसरी खोली बांधतोय आम्ही. मी येईन हं मधे सुट्टीला, नक्की. तुम्ही कसे आहात?" आणि मी काही म्हणायच्या आत तिनेच म्हणून टाकलं, "तुमचं मस्तच असणार."

कडी हाताशी होती. मी खिडकीबाहेर बघितलं, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या उन्हात टाकत होतं. "नाही," मी म्हणालो. "मस्त नाही."

"काय झालं? बरं नाही का?" तिचा आवाज लगेच नर्सचा झाला. "ताप आहे?"

"ताप नाही. तब्येत बरी आहे. मला तुझ्याशिवाय करमत नाही. घरात करमत नाही, बाहेर करमत नाही. तू यावंस असं मला रोज वाटतं."

मग ती हळू म्हणाली, "बाबा, मग मी... मी बघते ना काहीतरी. बदली मिळते का बघते. येते मी परत."

"नाही. ऐक. तू तिथेच राहावंस. दुसरी खोली बांध. तेही मला तितकंच वाटतं, मनापासून." शब्द एकेक करून बाहेर ढकलावे लागत होते. "मी दोन गोष्टी सांगितल्या. एकीतून दुसरी वजा करू नकोस. मी करून बघितली, होत नाही."

क्षणभर मला वाटलं, जनरेटर बंद पडला. मी कान घट्ट लावून बसलो. पंप चालूच होता. कोंबडी होती. आणि मग ती नाक ओढून म्हणाली, अगदी तिच्या आईच्या संथ आवाजात, जणू हनुवटीखाली काही धरलंय:

"ऐकू आलं, बाबा. दोन्ही ऐकू आलं."